माझे पोचे आणि मंदाबाईचा हात

मी एक पितळेचा गुंड बोलतोय. पुण्याकडे ज्याला कळशी म्हणतात, ते पाणी भरायचं भांडं आमच्या भंडारा जिल्ह्यात गुंड म्हणून ओळखलं जातं. नाव ऐकून ज्यांना हसायचं असेल त्यांनी आधी हसून घ्यावं. मला गंभीर खुलासा करायचा आहे.

भंडाऱ्याच्या एका कासाराने मला ठोकून ठोकून गोल केलं. मंदाबाईच्या लग्नात तिच्या आईने मला आंदणात दिलं आणि मी तिच्या सासरी, करडी गावात आलो. आधी विहीर, मग हातपंप, मग नळ. पाण्याची ठिकाणं बदलली, मंदाबाईची कंबर तीच राहिली. उजव्या हाताने काठ धरायचा, मला कमरेवर घ्यायचं आणि रस्त्यात भेटेल त्या बाईशी बोलत उभं राहायचं. गावातल्या निम्म्या बातम्या मी भरल्या पोटाने ऐकल्या. त्या काळात माझ्या अंगावर एक पोचा नव्हता.

गेल्या दिवाळीपासून मी पडू लागलो. नळावर पडलो, ओसरीत पडलो, एकदा तुलारामांच्या पायावर पडलो. तुलाराम म्हणजे मंदाबाईचे यजमान. पाय त्यांचा सुजला, पण चौकशी माझी झाली.

"गुंडच बुळबुळीत आहे," मंदाबाई म्हणाली.

सपशेल खोटं. पितळ इतकी वर्षं बुळबुळीत नव्हतं आणि दिवाळीला एकाएकी झालं? हा साधा प्रश्न त्या घरात कुणी विचारला नाही. माणसांच्या हातून वस्तू पडली की सगळे वस्तूकडे पाहतात, हाताकडे कुणी पाहत नाही.

मला खरं ठाऊक होतं, कारण तो हात रोज माझ्या काठावर असायचा. अंगठा आणि शेजारची बोटं बधिर झाली होती. पकड मध्येच सुटायची. मला खाली ठेवून ती हात झटकायची, आणि कुणी आलं की त्याच हाताने पदर सारखा करायची.

शेवटी चहाची कपबशी पाहुण्यांच्या मांडीवर गेली. पाहुणे ओरडले, आणि मुलगा प्रविण आईला गावच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यांनी सांगितलं, नस दबलेली दिसते, हाताच्या सर्जनला दाखवा, उशीर केला तर पकड कायमची जाईल. नागपूरचे असे एक सर्जन अधूनमधून भंडाऱ्याला येतात. त्यांची सोमवारची वेळ मिळाली.

"हाताचा अलग डॉक्टर रायते?" तुलाराम म्हणाले. "उद्या करंगळीचा निघन."

दवाखान्यातल्या बाईने सुनेला, म्हणजे डिंपलला, फोनवर तयारी सांगितली. बांगड्या काढून या, मेंदी लावू नका, चालू गोळ्या सोबत आणा. आणि मुख्य म्हणजे हात कधी दुखतो, कोणती बोटं बधिर होतात, हातातून काय काय पडतं, हे नीट आठवून या.

बांगड्या साबण लावून उतरवल्या. तुलारामांनी मधल्या दिवसांत हातावर बांधलेल्या हळद-चुन्याच्या लेपाचा तांबडा रंग मात्र निघेना, म्हणून मंदाबाईने चिंच आणि राख घेऊन हात घासला. त्याच चिंचेने ती मला घासते. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघे सारखेच चकचकीत झालो. अडलं ते बोलण्यापाशी.

डिंपल खुर्चीवर बसून डॉक्टर झाली.

"बोला आजी, काय त्रास आहे?"

"आजी कायले म्हणतेस?"

"डॉक्टर म्हणन तसं म्हणून राहिली, आई. सांगा."

"काई नाई. बरी आहो. तुमी बरे आहा?"

"हाताले मुंग्या येतेत का?"

"कोनाले येत नाई?"

"काई पडते का हातातून?"

"तो गुंडच बुळबुळीत आहे, डॉक्टरसाहेब."

"झालं," तुलाराम खाटेवरून म्हणाले. "डॉक्टर आता गुंडाचं ऑपरेशन करन."

मंदाबाईची भीती वेगळीच होती. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, तोंडावर आली होती. गावात धान रोवणाऱ्या बायांच्या टोळीची ती मुख्य. ऑपरेशन झालं की हात गळ्यात, आणि टोळी सुलोचनाबाईच्या ताब्यात. सुलोचनाबाईची रोवणी, मंदाबाईच्या मते, कोंबड्यांनी उकरल्यासारखी दिसते. एवढ्यासाठी ही बाई हात गमवायला तयार होती, आणि बदनामी माझी.

रविवारी प्रविण नळावरून पाणी आणायला प्लास्टिकची कॅन घेऊन आला आणि त्याने मला पोत्यात घातलं. मला भांडेवाल्याकडे मोडीत देऊन तो स्टीलचा डबा आणणार होता. डॉक्टरांनी नस सांगितली, तरी बिचाऱ्याने माझ्याबद्दलचं आईचं म्हणणं खरं मानलं होतं. खोट्या बातमीवर कारवाई नेहमी अशीच तत्परतेने होते.

मोड म्हणजे भट्टी.

"ठेव तो खाली," मंदाबाई म्हणाली.

"काहून? रोज तूच शिव्या देतेस त्याले."

"माह्या मायनं देल्ला तो."

"पन माय, तो बुळबुळीत..."

"नाई बुळबुळीत." ती म्हणाली. "मलेच धरता येत नाई. दिवाळीपासून बोटात जीव नाई माह्या."

तुलारामांनी आधी स्वतःच्या पायाकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. डिंपलने खुर्ची पुढे ओढली.

मग मंदाबाई बोलली. झोपेत हात मरतो, उठून झटकावा लागतो. ब्लाऊजचं हुक लागत नाही. चिमटीत धानाचं रोप राहील की नाही याची खात्री नाही, आणि ते सुलोचनाबाईला दिसलं तर गावभर होईल. हाताचं संपल्यावर ती गुडघ्यावर आली, तिथून तुलारामांच्या घोरण्यावर.

"आई, हा डॉक्टर फक्त हाताचा आहे."

"मंग घोरन्याचा कधी येते?"

सोमवारी सकाळी निघताना मंदाबाई माझ्याजवळ थांबली आणि डिंपलला एकेक पोचा दाखवू लागली. हा नळावरचा, हा ओसरीतला, हा तुझ्या सासऱ्याच्या पायाचा. डिंपलने मोबाईलवर माझे चारी बाजूंनी फोटो काढले, डॉक्टरांना दाखवायला. माझी बाजू पहिल्यांदाच कुणीतरी नोंदवून घेतली. तुलारामांनी गोळ्यांची पिशवी उचलली आणि प्रविणला घरी ठेवून मंडळी बस पकडायला गेली.

आता मी ओसरीत रिकामा बसलो आहे. प्रविणने मला एकदा नळावरून भरून आणायचा प्रयत्न केला. दारापर्यंत आला, मला खाली ठेवलं आणि कंबर धरून उभा राहिला. ऑपरेशन लागेल का, रोवणीत टोळी कुणाकडे जाईल, मला ठाऊक नाही. मंदाबाईला टोळी गेल्याचं दुःख होईल, पण पकड गेल्यावर टोळी तशीही राहिली नसती, हे तिला कुणीतरी सांगावं. मी सांगितलं असतं, पण माझं ती ऐकत नाही.

वाचकहो, तुमच्या घरी भांडं पडलं तर त्याला शिव्या देण्याआधी धरणाऱ्याचा हात आपल्या हातात घेऊन बघा. आणि माझे पोचे इतक्यात कुणी ठोकून काढू नका. डॉक्टरसाहेबांना फोटोवर भरवसा वाटला नाही, तर मी भंडाऱ्याला जायला तयार आहे.