हात न लावता

"हात लावायचा नाही हं, चाचा. नुसतं बघून सांगायचं. फोनसुद्धा नुसतं बघूनच सांगतो ना!"

निकिता हसून म्हणाली. पोरगी गुणाची होती, तिच्या मनात काही नव्हतं. पण शेळीच्या पाठीकडे निघालेला जैनोद्दीनचाचांचा हात वाटेतच थांबला, आणि कुठं जावं ते न कळून परत मांडीवर आला.

लोहाऱ्याच्या शेळीबाजारात त्या दिवशी कडुलिंबाला फलक बांधला होता: 'रोजच्या जगण्यातली कृत्रिम बुद्धिमत्ता: पहिली ओळख'. कुठल्याशा संस्थेतून आलेल्या निकिताने खुंटीसमोर तीन पायांच्या तिकाटण्यावर फोन उभा केला होता. शेळी समोर आली की तो तिचं वजन मोठ्याने सांगायचा.

"ह्याला लाखभर शेळ्यांचे फोटो दाखवले, प्रत्येकीचं वजन सांगितलं," ती समजावत होती. "बघून बघून ते शिकलं. तुम्ही बोललेलं मोबाईल लिहून घेतो, फोटोतली माणसं ओळखतो, तेही असंच."

"लाख शेळ्या बघितल्या अन् एकीचीबी लेंडी उचलली न्हाय?" बंडप्पा व्यापारी म्हणाला. "बाई, ह्याला आमच्या सासऱ्याचं वजन कळंल का?"

"माणसांचं नाही सांगत ते."

"मग जमलं. सासऱ्याला आमी माणसात धरतच न्हाय."

बाजार हसला. चाचा हसले नाहीत.

बेचाळीस वर्षं त्या लिंबाखाली चाचांची बैठक होती. घेणारा असो, विकणारा असो, शेळी चाचांच्या हाताखालून गेल्याशिवाय सौदा होत नसे. चाचा डोळे मिटायचे, कण्यावरून बोटं फिरवायचे, बरगड्या चाचपायचे, तोंडात अंगठा घालून दात मोजायचे, आणि सांगायचे: वजन इतकं, वय इतकं, पोटात दोन करडं, त्यातलं एक खोडकर निघणार. काट्यावर पावकिलो कमी भरलं, तर शेळीने मधल्या वेळात लेंड्या टाकल्या असं त्यांचं म्हणणं असे, आणि लोक खाली बघून खात्री करून घेत. एकदा तर म्हणे, बोकडाच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी त्याचा मालक दोन दिवसांचा उपाशी आहे हे ओळखलं होतं.

डोळे मिटणं हा लोकांना त्यांचा रुबाब वाटे. आधीची एकोणचाळीस वर्षं तो रुबाबच होता. शेवटची तीन वर्षं मात्र डोळे मिटले काय अन् उघडले काय, चाचांना सारखंच. काचबिंदू. सोलापूरच्या डॉक्टरने सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही. ही गोष्ट अल्लाला ठाऊक होती आणि बायकोला, हसीनाबीला. बाजाराला नव्हती. त्यांच्या गावची, माकणीची जीप नेहमीच्या जागी सोडायची, तिथून लिंबापर्यंत एकसष्ट पावलं. बाजाराला कळलं असतं तर आंधळ्याच्या हाताखाली कोण शेळी देतो? मग घरची खाट, आणि मरणापर्यंत तीच खाट.

"का रं जैन्या," बंडप्पा ओरडला, "फोनला भ्यालास व्हय?"

तीस वर्षांत बंडप्पाने त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती.

"तुज्या बापाला भ्यालो न्हाय, तर फोनला भितो का?" चाचा म्हणाले. "आन शेळी!"

पहिली आली. चाचांनी कान दिला. वाळल्या मातीवर खुरं कशी पडतात, दम कसा लागतो, ओरडताना आवाज पोटातून येतो की गळ्यातून.

"सत्तावीस."

"अठ्ठावीस किलो," फोन बोलला.

काटा म्हणाला सत्तावीस आणि वर दोनशे ग्रॅम. शिट्ट्या वाजल्या. दुसरा बोकड होता. त्याला ओळखायला तर नाकच पुष्कळ. चाचा म्हणाले छत्तीस, फोन म्हणाला चौतीस, काटा छत्तीसवर थांबला. बाजाराने लिंब हलवला म्हणा ना. डोळ्यांशिवाय चाचांनी लाख फोटो बघितलेल्याला दोनदा पाडलं होतं, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

इथंच थांबायला हवं होतं. पण बेचाळीस वर्षांत चाचांना बाजार मध्येच सोडायची सवय नव्हती.

तिसरी शेळी बंडप्पाची. खुंटीला बांधता बांधता तिने हिसडा दिला आणि दाव्यासकट कोथिंबीरवालीच्या ढिगाकडे पळाली. पाच-सहा जण मागे धावले, एकच गलका झाला. त्या गलक्यात खुरं कुठं गेली ते चाचांना कळलं नाही. त्यांना वाटलं, बांधली. खुंटीपाशी आता फक्त निकिताची काळी पिशवी होती.

"वा!" चाचांनी त्या भागातल्या बहुतेक शेळ्यांचं असतं तेच वर्णन ठोकून सुरुवात केली. "काळीभोर हाय. कानावर पांढरे ठिपके. असलं जनावर बंडप्पाच्या दावणीला कुठलं? कुणाची तरी चोरून आणली असंल."

चाचा पिशवीची थट्टा करतायत असं समजून लोक हसले. चाचांना चेव आला.

"पोटात दोन हायेत. मान तर बघा! लई नखऱ्याची हाय, सारकी आपल्याकडंच बघायलीय."

हसणं वाढलं. कुणीतरी मोबाईल वर धरला. तेवढ्यात तिकाटण्यावरचा फोन स्वच्छ, अदबशीर आवाजात बोलला:

"चित्रात शेळी आढळली नाही. कृपया शेळी समोर उभी करा."

चाचा अजून खुंटीकडेच कान लावून बसले होते. हसणं एकदम थांबलं नाही. कडेकडेने विझत गेलं. आधी बंडप्पाचं, मग त्याच्या शेजारच्याचं.

निकिता जवळ येऊन उकिडवी बसली. "चाचा," ती अगदी हळू म्हणाली, "डोळे कधीपासून?"

बाजार इतका गप्प होता की ते कोथिंबीरवालीलाही ऐकू गेलं.

"नजर हाय मला," चाचा म्हणाले. "ऊन आलंय डोळ्यावर."

लिंबाखाली दाट सावली होती.

त्यानंतर दोन तास ते तिथंच बसून राहिले. आजूबाजूला सौदे होत होते. "फोनला दाव, फोनला," असं कानावर येत होतं. एकही शेळी हाताखाली आली नाही. एकाने चहाचा कप आणून त्यांच्या बोटांत नीट धरवला.

जीपची वेळ झाली तशी बंडप्पा मोटरसायकल घेऊन आला.

"बसा, जैनोद्दीनभाई," तो म्हणाला. "पाय इथं ठेवा. सावकाश."

माकणी येईपर्यंत चाचांनी वाट पाहिली. बंडप्पाने एक शिवी दिली नाही.

व्हिडिओ त्यांच्या आधी घरी पोचला होता. ओसरीवर पाय ठेवताच त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला, 'पोटात दोन हायेत', आणि मागे हसणं. हसीनाबीने घाईने मोबाईल बंद केला.

"लाव," चाचा खाटेवर बसत म्हणाले.

"कशाला, अजी?"

"लाव म्हणतो ना. आवाज बंद कर अन् बघ. म्या कसा दिसायलो त्यात?"

हसीनाबीने बघितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग पदराने काच पुसून पुन्हा बघितलं.

"टोपी सरळ हाय तुमची," ती म्हणाली.

"अन् सदरा?"

"धुतलेला हाय. गुंड्या समद्या लावलेल्या हायेत."

चाचांनी मान हलवली. मग हात वर नेऊन गळ्याखालची गुंडी चाचपून पाहिली.