पाठमोरी मंडळी

शेवटचा सूर सोडून भीमाशंकरने तारांवर तळवा ठेवला आणि समोरच्या तीन पाठींकडे बघत बसला. गुंडा शिंप्याची पाठ रुंद, कोर्टातल्या चनबसप्पा कारकुनाची ताठ, आणि पोस्टातल्या धर्मपालची बारीक, पुढे वाकलेली. तिघे भिंतीकडे तोंड करून चटईवर बसले होते. भीमाशंकर थांबला. तिन्ही पाठी गप्प होत्या.

"बोला की," तो म्हणाला.

धर्मपालने मान खाजवली. चनबसप्पाचा खांदा थोडा हलला. मग तिघेही वळले, गुंडा गुडघ्यावर हात टेकून उठला आणि चहा सांगायला बाहेर गेला. झाले. आजचेही वाजवणे संपले आणि कुणी एक चूक म्हणून सांगितली नाही.

दुसऱ्या कुणाला याचा आनंद झाला असता. भीमाशंकरला संशय आला.

कारण या मंडळींचा नियमच उलटा होता. साखर पेठेत गुंडाच्या दुकानामागच्या खोलीत हे चौघे दर रविवारी आपापली गिटार घेऊन जमत. त्यांना शिकवणारे मास्तर बदली होऊन पुण्याला गेले आणि चौघे अर्ध्या वाटेवर राहिले. सोलापुरात तेव्हा गिटार शिकवणारा दुसरा कोण असणार? ऑर्केस्ट्रातले लोक यांना दारात उभे करत नव्हते. तेव्हा यांनी ठरवले, आपणच एकमेकांचे मास्तर. प्रत्येकाने कच्चे वाजवायचे. पक्के झालेले आणायचेच नाही; जिथे बोट अडते तेच आणायचे. ऐकणाऱ्यांनी भिंतीकडे तोंड करायचे, कारण कुणी बोटांकडे बघितले की धर्मपालचा हात लटपटत असे. वाजवून झाले की प्रत्येकाने एक चूक सांगायची, तीही तशीच भिंतीकडे बघत, हळू आवाजात. तोंडावर सांगायला जड जाते ते भिंतीला सांगता येते. आणि ज्याच्या तोंडून 'वा' निघेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

दुष्काळ सरला त्या वर्षापासून हे असे नीट चालले होते. आता बाकी सगळ्यांच्या चुका निघत होत्या, भीमाशंकरच्याच तेवढ्या नाहीत. धर्मपालने वाजवले की आपल्या शेजारी बसलेला चनबसप्पा त्याचे कसे वाभाडे काढतो, हे भीमाशंकर स्वतःच्या डोळ्यांनी बघत होता. मग त्याच्यावरच ही मेहेरबानी कशासाठी?

भीमाशंकर मुळातच संशयी. दूधवाल्याने माप भरले की तो मापाचा तळ बघे. हल्ली त्याच्या गिटारची पहिली तार, सगळ्यांत बारीक, बोलेनाशी झाली होती, तर दुकानदार मेलेला माल गळ्यात मारतो म्हणून तो दुकानात जाऊन भांडून आला होता. नवी तार घातली, तीही तशीच निघाली. सगळा बाजारच नासला, असे त्याने जाहीर केले.

आणि आता तोंडावर गणपती होते. पेठेतल्या मंडळाने या चौघांना एका संध्याकाळी मंचावर बोलावले होते. प्रत्येकाने एकट्याने वाजवायचे. भीमाशंकरने स्वतःच एक चाल बांधली होती, वर्षभर घोळवून. समोर त्याच्या कापडगिरणीतले निम्मे खाते बसणार होते, खात्याचा मुकादम म्हणजे जॉबर बसणार होता, अक्कलकोटहून जावई येणार होता. चाल कच्ची राहिली तर त्या सगळ्यांसमोर फजिती ठरलेली. आणि ती कच्ची कुठे आहे, हे सांगणारे तिघेच जण तोंड शिवून बसले होते.

गिरणीत त्याचे मागखाते, कापड विणायचे. मिसरूड फुटायच्या आत तो तिथे लागला होता, आता कानावरचे केस पांढरे झाले. शेकडो माग एकदम चालतात तिथे बोलणे कसले? ओठ हलवायचे. मागांच्या पलीकडचा माणूस काय म्हणतो ते ओठांवरून कळायचे. जॉबरच्या शिव्यासुद्धा लांबून वाचता यायच्या. सोमवारी त्याने शेजारच्या विणकऱ्याला ओठांनीच विचारले, "लोकं एकदम गोड वागाय लागली तर काय समजायचं?" विणकऱ्याने तुटलेला धागा जोडता जोडता ओठ हलवले, "आपलं काय तरी बिघडलंय आसं समजायचं."

घरी येऊन त्याने हातपाय धुतले आणि गिटार काढली. जगदेवी नेहमीसारखी पुढ्यात येऊन उभी राहिली, त्याच्या दंडाला हात लावला आणि मग बोलली. अलीकडे तिला ही सवयच लागली होती.

"जेवायचं का आदी?"

"जेवतो. त्या चनबसप्पाला म्हागं मी म्हणलो हुतो, तुझा ठेका ढिला हाय म्हणून. ते त्यानं मनात धरलंय."

"तुमी सगळ्यांनाच ठेका ढिला म्हणता की."

"ढिला हाय म्हणून म्हणतो. माझं हसं करायचं ठरलंय बघ त्यांचं. मंचावर चढवायचं आन् खालून मजा बघायची."

"गुंडाभावजी तसलं करतील व्हय? आपल्या पोरीच्या लग्नात रात रात बसून कपडे शिवले त्यांनी."

"तेच तर. म्हणून तर संशय येत न्हाई कुणाला."

जगदेवी चुलीकडे वळली. भाकरी थापताना तिची पाठ हलत होती. थोड्या वेळाने तिने वळून पाहिले, जणू काही विचारले होते आणि उत्तराची वाट बघत होती. मग तिनेच मान हलवली आणि ताट वाढले.

पुढच्या रविवारी भीमाशंकर डाव मांडूनच गेला. त्याची पाळी आली, तिघे भिंतीकडे वळले. त्याने चाल सुरू केली आणि मध्यावर आल्यावर मुद्दाम भलतीकडेच बोटे दाबली. एकदा नाही, दोनदा नाही, शेवटपर्यंत. दुकानाच्या दारात रोज झोपणारे कुत्रेसुद्धा उठून गेले असते. गुंडाची पाठ दचकली, ते त्याने बघितले. म्हणजे कळले होते. त्याने वाजवणे थांबवले आणि मुकाट्याने वाट बघितली.

तिन्ही पाठी गप्प.

"बास," भीमाशंकर म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "फिरा हिकडं."

तिघे वळले.

"मी आत्ता मुद्दाम वाकडं वाजवलं. शेंबड्या पोराला कळंल आसं. आन् तुमी गप. दर ऐतवारी गप. माझी फजिती करायची तर तसं सांगा, मी मंचावर येतच न्हाई."

गुंडा त्याच्याकडे बघतच राहिला. "गप? आवो अण्णा, आमी तिघंबी बोललो की आत्ता."

"खोटं."

"खोटं?" चनबसप्पा ताडकन उठला. तो रागावला की आधी चष्मा काढत असे, तसा त्याने काढला. "अण्णा, दोन म्हैने झालं आमी घसा फोडून सांगतोय, पैली तार उतरल्याली हाय, मधल्या तुकड्यात घाई हुतीया. तुमी हूं न्हाई की चूं न्हाई. फुडच्या ऐतवारी परत तेच. आमाला वाटलं, मंडळाचं बोलावणं आलं, आता अण्णांना आमची काय किंमत."

"कवा सांगितलं? कुणाफुडं?"

"तुमच्याच फुडं. ह्याच भिंतीला."

म्हणजे संशय एका बाजूचा नव्हता. इकडे हा यांना कपटी समजत होता, तिकडे ते याला शिष्ट समजत होते, आणि दर रविवारी चौघे एकाच बशीतली भजी खात होते.

धर्मपाल भांडणाला भिऊन पुन्हा भिंतीकडे वळला होता. एकाएकी गुंडा आणि चनबसप्पा दोघांनीही त्याच्या पाठीकडे पाहिले, कुणी काही बोलल्यावर बघतात तसे. मग दोघांनी भीमाशंकरकडे पाहिले.

"काय झालं?" भीमाशंकर म्हणाला.

चनबसप्पाच्या चेहऱ्यावरचा राग उतरत गेला. त्याने हात उचलला, मिशा पुसतो तसा तोंडावर नेला आणि तिथेच ठेवला. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली झाली. मग त्याने हात खाली घेतला.

"काय म्हणलो मी, अण्णा?"

भीमाशंकरने त्याच्याकडे पाहिले, गुंडाकडे पाहिले. "हात काढून बोल की," तो म्हणाला.

"तुमचं नाव घेतलं मी," चनबसप्पाचे ओठ हळूहळू हलले. "मोठ्यानं. दोनदा."

गुंडाने तोंड फिरवले आणि मशीनवरचे कापड उगाच घडी करू लागला.

भीमाशंकर खाली बसला. मागखात्यात बसलेल्या कानठळ्या सुटीच्या दिवशी निवळतात, असे तो समजत आला होता. त्या कधीपासून निवळेनाशा झाल्या, हे कळायला त्याला कारणच पडले नव्हते. गिरणीत सगळे ओठांनी बोलत होते. घरी जगदेवी पुढ्यात येऊन, दंडाला हात लावून बोलत होती. तिला ठाऊक होते. तिने त्याच्या संशयी स्वभावाला भिऊन सांगितले नाही, की तिलाच ते तोंडाने म्हणवेना? माल चांगला आहे म्हणून तारांचा दुकानदार शपथा घेत होता, तो खरे बोलत होता. आणि दुसऱ्यांचे वाजवणे ऐकताना त्याच्यापर्यंत फक्त ठेका पोचत होता, म्हणून तो ठेक्यावरच बोलत होता. भीमाशंकरला भीती वाटली. लहान मुलाला जत्रेत हात सुटल्यावर वाटते तशी साधी भीती. कुणी फसवत असते तर बरे झाले असते, असे त्याला वाटले. त्याच्याशी भांडता तरी आले असते.

गुंडा जवळ येऊन बसला, अगदी समोर. "मोठ्या दवाखान्यात दाखवू. मी येतो संगं."

"दाखवू," भीमाशंकर म्हणाला. "मागखात्यातून निघा म्हणतील. मग खायचं काय?"

धर्मपाल चटईचे टोक नखाने कुरतडत बसला होता. बाहेरून एक टांगा गेला. घोडा, चाके, टांगेवाल्याचा उचललेला चाबूक, सगळे भीमाशंकरला दारातून दिसले.

त्याने गिटार पुन्हा मांडीवर घेतली.

"भिंतीकडं फिरू नका," तो म्हणाला. "हिकडंच बघा."

आणि त्याने चाल वाजवली. या वेळी सरळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जशी वर्षभर मनात वाजत होती तशी. जाड तारा त्याला छातीच्या फळीला जाणवत होत्या. बारीक तारांच्या जागी तो बोटांवर विश्वास ठेवून पुढे जात होता. धर्मपाल त्याच्या बोटांकडे बघत नव्हता, कुणीच बघत नव्हते. तिघेही त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते.

वाजवून झाले. त्याने तारांवर तळवा ठेवला.

"बोला."

धर्मपालचे डोळे भरून आले होते. गुंडा म्हणाला, "वा, अण्णा."

"चहा नको मला," भीमाशंकर म्हणाला. "चूक सांग."

गुंडाने मान खाली घातली. भीमाशंकरने चनबसप्पाकडे पाहिले. चनबसप्पा त्याच्यावर रुसला होता, दोन महिने मनात चडफडत होता. आज दया न करणारा कुणी असला तर तोच असणार होता. चनबसप्पाने चष्मा पुसला, घातला आणि चटईवर सरकत त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"पैली तार उतरल्याली हाय."

भीमाशंकरने खुंटी थोडी पिळली, तार छेडली आणि त्याच्याकडे बघितले.

"आजून," चनबसप्पाचे ओठ म्हणाले.

त्याने पिळली. छेडली.

"आजून उलशीक."

त्याने पिळली. चनबसप्पाने डोळे मिटून मान तिरकी केली आणि ऐकू लागला. भीमाशंकर त्याच्या ओठांवरची नजर न हलवता तार छेडत राहिला.