दुःखवितरण समारंभ

आमच्या हॉल्मथॉर्पच्या नगरपालिकेला दुःखाचं काय करायचं ते कळत नव्हतं, म्हणून तिने समारंभ ठेवला. पोटातच गेलेल्या बाळांची आठवण म्हणून इंग्लंडच्या सरकारने प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली होती. ती मुकाट्याने घरी येतात. पण निवडणूक तोंडावर आली असताना पोस्टमनला फुकटचं श्रेय कोण देईल?

हिल्डा ओल्डरॉइड नवऱ्याशेजारी, विल्फशेजारी, पहिल्या रांगेत बसली होती. तिला कागदाची हौस नव्हती. ती तरुण असताना तिची मुलगी सहाव्या महिन्यात पोटातच गेली. नर्सने ती टॉवेलात गुंडाळून नेली आणि कुठे नेली, ते आजवर कोणी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांनी सरकारला जाग आलीच आहे, तर तेवढं तरी त्याला ठाऊक असेल, अशी तिची भाबडी आशा होती.

महापौर क्रॅब्ट्री आदल्या दिवशी सर्वांत मोठ्या भोपळ्याचं बक्षीस देऊन आले होते. तोंडाला तीच सवय. हिल्डाच्या हातात कागद ठेवून ते दणक्यात म्हणाले, "अभिनंदन!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. हसायचं की रडायचं ते कळलं नाही, की आम्ही टाळ्या वाजवतो.

"आणखी काही हवं असेल तर जरूर सांगा हं," महापौर म्हणाले. यावर 'नको, आभारी आहे' एवढंच म्हणायचं असतं.

"हवंय," हिल्डा म्हणाली. "माझी पोर कुठे पुरलीय ते सांगा."

महापौरांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने बुटांकडे.

"ते आमच्या खात्यात येत नाही, बाई," तो पुटपुटला. "हे फक्त आठवण म्हणून आहे."

"आठवण माझी मला आहे की! तुमची कशाला?"

"चला, चहा गार होतोय," महापौर सगळ्यांना म्हणाले. अशा वेळी आमच्याकडे चहा गार होतच असतो.

"मला माहितेय," विल्फ म्हणाला.

"काय माहितेय तुला?"

"पोर कुठंय ते. टेकडीवरच्या दफनभूमीत. त्याच दिवशी एका म्हातारीला पुरणार होते, तिच्या पेटीत ठेवली. नर्सकडून घेऊन मीच नेऊन दिली."

"आणि मला बोलला नाहीस?"

"डॉक्टर म्हणाले, गप्प राहा, विसरेल ती. मग... सांगायचं कसं तेच कळेना."

"विसरले का मी?"

"नाही."

हिल्डाला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याचा हात धरावासाही वाटला, आणि याचाच तिला जास्त राग आला. तिने प्रमाणपत्र महापौरांच्या हातात कोंबलं.

"ऊठ. दाखव मला."

"आत्ता? चहा तरी..."

"चहा गेला खड्ड्यात!"

टेकडी ती त्याच्या पुढेपुढे चढली. फाटकाशी येऊन थांबली.

"कोण होती ती म्हातारी?"

"ओळखीची नव्हती. दगडावर लिहिलंय, सात पोरांची आई."

हिल्डाने डोळे पुसले.

"मग नीट धरलं असेल तिने," ती म्हणाली.