खुर्च्या नसलेलं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. आज मला पाहाल तर म्हणाल, जेवायचं साधं टेबल, त्यात काय एवढं! पण मी घडलो तेव्हा माझे पाय आजच्याहून दीड वीत उंच होते आणि माझ्या वाट्याला एकही खुर्ची नव्हती.

पेनसिल्व्हेनियातल्या एका म्हाताऱ्या सुतारानं मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं. खुर्च्या नकोत असं गिऱ्हाइकानं कळवलं, तेव्हा तो बायकोला म्हणाला, "हे कसलं गं टेबल? माणसाला टेकूच न देणारं!"

"वॉशिंग्टनला चाललंय ना? तिथं टेकायला सवड कुणाला आहे?" ती म्हणाली. दोघं पोट धरून हसली. मला मात्र राजधानीत जायचा अभिमानच वाटला.

गिऱ्हाईक म्हणजे वेंडेल हार्गिस. संसदभवनामागच्या गल्लीत त्याचं विटांचं घर होतं. कारखानदार, औषधवाले, वृद्धाश्रमांचे मालक त्याला फी मोजत आणि तो त्यांच्यासाठी खासदारांच्या कानाशी लागे. नियम असा, की त्याच्यासारख्याच्या पैशानं खासदारानं बसून जेवायचं नाही. उभ्या उभ्या काडीला टोचून काही तोंडात टाकलं, तर ते जेवण धरत नाहीत. म्हणून मला खुर्च्या नव्हत्या, आणि म्हणूनच त्या घरातले काटे-सुरे पाहुणे यायच्या आधी कपाटात जात.

माझे ते दिवस थाटाचे होते. रोज मेणानं पुसून मला लखलखीत ठेवत. कोळंबी, खिम्याचे गोळे, चीजचे तुकडे यांची ताटं माझ्यावर मांडत. "काय साहेब, वहिनींनी उपाशी पाठवलं वाटतं!" असं म्हणत वेंडेल प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारी. एकदा नव्यानं निवडून आलेला एक खासदार पलीकडच्या खोलीतून खुर्ची ओढत घेऊन आला. वेंडेल ओरडला, "अहो, बसताय काय! बसलात की गुन्हा! उभे राहा आणि आडवा हात मारा." सगळे खो खो हसले. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला आणि पुढं सगळ्यांत जास्त खाऊ लागला.

अशाच एका संध्याकाळी एका समितीचे पांढऱ्या केसांचे अध्यक्ष माझ्यापाशी येऊन उभे राहिले. वृद्धाश्रमांच्या छतांना पाण्याचे फवारे बसवायच्या सक्तीचा प्रस्ताव त्यांच्या समितीपुढं होता. आग लागली की हे फवारे आपोआप सुरू होतात.

"सक्तीला कोण नाही म्हणतंय?" वेंडेल म्हणाला. "फक्त थोडी पुढं ढकला. गरीब बिचारे मालक, एवढा खर्च एकदम कुठून करतील?"

"थोडी म्हणजे किती?"

"दोन वर्षं. ही कोळंबी घ्या हो, आज सकाळचीच आहे."

अध्यक्षांनी कोळंबी खाल्ली, काडी माझ्यावर ठेवली आणि म्हणाले, "बघू या." एवढंच. कुणी कुणाला काही दिलं नाही, घेतलं नाही. सक्ती दोन वर्षं पुढं गेली.

त्यातल्या दुसऱ्या हिवाळ्यात व्हर्जिनियाच्या डोंगरात एक वृद्धाश्रम जळाला. आग एका शेगडीची, बादलीभर पाण्यानं विझावी अशी. पण छताला फवारे नव्हते. ओला टॉलिव्हर नावाची म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती. आयुष्यभर तिनं शाळेतल्या मुलांना रांधून वाढलं होतं. तिला उठता आलं नाही.

पुढं वेंडेल तुरुंगात गेला, पण तो आयकर बुडवला म्हणून. आगीबद्दल त्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही. घराचा लिलाव झाला आणि मी एका गोदामात धूळ खात पडलो. माझ्यावर कुणी रंगाचे डबे ठेवले, कुणी फुटका आरसा. त्या अंधारात मला फार एकटं वाटे.

आणि एक दिवस मला पुन्हा पुसलं. वेंडेलच्या आयुष्यावर सिनेमा निघत होता आणि त्यांना त्याचं अस्सल टेबल हवं होतं. तिथं मी ओलाच्या मुलाला, एमेटला, पहिल्यांदा पाहिलं. तो शाळेची बस चालवायचा. आईचं नाव वापरायला त्यानं एकाच अटीवर होकार दिला होता: ती संध्याकाळ जशी झाली तशीच दाखवायची. त्यासाठी त्यानं वेंडेलच्या आयकराच्या खटल्यातल्या साक्षी ऐकल्या होत्या, त्याच्या घरातल्या वाढप्यांना गाठून विचारलं होतं.

दिग्दर्शकाचं नाव ब्रोडी. त्यानं माझ्याभोवती एक चक्कर मारली. "उभ्यानं भ्रष्टाचार? लोक म्हणतील, चहापान चाललंय. पाय कापा याचे. खुर्च्या आणा. आणि वेंडेलच्या हातात एक जाडजूड पाकीट द्या."

"साहेब, पाकीट नव्हतं हो," एमेट म्हणाला.

"दादा, सिनेमा आहे हा. पाकीट दिसलं की चोर कोण ते लोकांना कळतं."

"तेच तर सांगतोय ना! पाकीट असतं तर कुणीतरी धरलं असतं त्यांना. माझी आई नियम पाळून मारली त्यांनी. एवढंच दाखवा, बाकी काय वाट्टेल ते करा."

ब्रोडी वाईट माणूस नव्हता. त्यानं एमेटच्या खांद्यावर हात ठेवला. "आईचं नाव येईल. माझा शब्द आहे."

मग करवत आली. मला फार दुखलं, मित्रांनो. एमेट कापलेल्या पायांकडे बघत राहिला आणि निघून गेला.

चित्रीकरण संपल्यावर माझा उपयोग संपला. ब्रोडीनं मला एमेटच्या घरी पाठवून दिलं, भेट म्हणून. सिनेमा लागला त्या दिवशी एमेट थिएटरातून आला आणि फोनवर मावशीला सांगू लागला. "लोक वेंडेलच्या विनोदांवर टाळ्या वाजवत होते गं. पाकीट दिलं, पोलीस आले, बेड्या पडल्या. सगळे खूश होऊन उठले. आईचं नाव आलं शेवटी, आभाराच्या यादीत, जेवण पुरवणाऱ्यांच्या खाली. तोवर दिवे लागले होते."

मग त्यानं विचारलं, "मावशी, तुझ्या खोलीत बसवले का गं फवारे?"

मावशीही तेव्हा वृद्धाश्रमातच राहायची. तिचं उत्तर मला ऐकू आलं नाही. पण एमेट म्हणाला, "परत मुदतवाढ? तू सामान बांध. मी उद्या येतो."

आता मावशी इथंच असते. दोघं खुर्च्या ओढून माझ्यापाशी बसतात आणि काट्या-चमच्यांनी पोटभर जेवतात. माझ्यापाशी खरोखर बसून जेवलेली ही पहिलीच माणसं. घास घ्यायच्या आधी एमेट रोज एकदा मान वर करून छताकडे बघतो.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. माझ्या पायांची हळहळही नको. पण कुणी तुम्हाला हसत हसत सांगितलं, की सगळं नियमातच आहे, तर तुमची म्हातारी माणसं जिथं झोपतात त्या खोलीचं छत एकदा बघून या.