घरून निघाल्यापासून

मित्रांनो, मी एक जुने वेल्डिंग मशीन आहे. फुलसावंगीतल्या एका टिनाच्या दुकानात माझा मुक्काम असतो. पोटात तांब्याच्या तारेचे वेटोळे घालून मला तयार केले, तेव्हा माझा रंग निळा होता. बारा वर्षांपूर्वी गोपालने मला विकत घेतले. त्याने जोडलेले लोखंड पुन्हा तुटत नाही, असे लोक सांगतात. ते खरे आहे.

माझी केबल मात्र तीन ठिकाणी सोलली आहे. तिच्यावर काळी टेप आहे. गेल्या वर्षी तिथूनच गोपालला झटका बसला, मनगट भाजले आणि दोन दिवस त्याला हात उचलता आला नाही. नवी केबल हवी, पण तेवढे पैसे कधी उरतच नाहीत.

याचे कारण मीच आहे, आणि त्याचीच मला चीड येते. आमच्याकडे ट्रॅक्टर तासावर मिळतो. इंजिन चालेल तेवढाच तास धरतात. गोपालने तासाला तीनशे रुपये दर ठरवला आणि पद्धत तीच उचलली. माझी घरघर सुरू असेल तेवढाच त्याचा तास.

सोयाबीनच्या दिवसांत पंजाबरावांचे थ्रेशर शेतात तुटले. मला मोटारसायकलला बांधून गोपाल सकाळी नऊला निघाला. शेतात वीज नव्हती, लाइन अडीचला आली. मी अठरा मिनिटे चालले. पंजाबरावांनी मोबाइलवर वेळ लावली होती. त्यांनी नव्वद रुपये दिले, वर चहा पाजला. गोपाल बरं म्हणाला.

घरी त्याची बायको प्रभावती शांतपणे म्हणाली, "नऊले निघालते, आता चार वाजले. हे सात तास कोणाचे?"

तिने दुकानाच्या दारावर खडूने लिहिले : घरून निघाल्यापासून तास.

आठवड्याने पंजाबरावांचा दुसऱ्या कामासाठी फोन आला. गोपालने नवा नियम सांगितला.

"रस्त्याचे पैसे कायले? ट्रॅक्टरवाला घेते काय?"

"ट्रॅक्टरले पोट नाही, काका."

फोन बंद झाला. तीन दिवस कोणी फिरकले नाही. चौथ्या दिवशी गोपाल ओले फडके घेऊन दाराशी गेला. अक्षरे पुसायला हात वर गेला, आणि मनगटावरचा भाजल्याचा डाग त्याला दिसला. फडके त्याने खाली ठेवले. मग माझ्या केबलवर टेपचा आणखी एक वेढा दिला आणि स्टुलावर बसून राहिला.

मित्रांनो, कोणी कारागीर तुमच्या दारी आला, तर यंत्राच्या आवाजावरून त्याचे काम मोजू नका. तो घरून किती वाजता निघाला, तेवढे आधी विचारा.