सूत्रं गेलेला तक्ता

मी एक जुना तक्ता आहे. भिंतीवरचा नव्हे, मित्रांनो, संगणकातला, एक्सेलचा. मला हात-पाय कधीच नव्हते, आता डोकंही उरलेलं नाही. ते कसं गेलं, तेवढंच सांगायचं आहे.

माझा जन्म चेन्नईत, अंबत्तूरच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे पोलादी दातेरी चाकं भट्टीत तापवून टणक करतात. वेळ चुकली की चाक तडकतं. भट्टी सांभाळणाऱ्या व्यासराजरावांनी मला घडवलं. त्यांचं मराठी घराणं पिढ्यानपिढ्या तिकडचंच, म्हणून बोलणं जुन्या वळणाचं. एका चौकटीत चाकाची जाडी लिहायची, की शेजारच्या चौकटीत भट्टीची वेळ हजर! एखादं चाक तडकलं की ते माझ्या सूत्रात थोडी दुरुस्ती करत. असा मी हळूहळू शहाणा झालो. मालक नारायणस्वामी आल्यागेल्याला मला कौतुकाने दाखवत आणि मी मनातून फुगत असे.

पुढे एका सहकाऱ्याने माझी नक्कल पलीकडच्या कारखान्यात नेली. व्यासराजरावांच्या ते फार जिव्हारी लागलं. त्यांनी माझी सूत्रं लपवली, पासवर्डचं कुलूप घातलं, बाकीच्या सगळ्या प्रती पुसल्या आणि मला पेन ड्राइव्हवर घेतलं. आवडी नावाच्या उपनगरातल्या घरून कारखान्यात मी रोज त्यांच्या खिशातून जाऊ लागलो.

त्यांच्या हाताखाली सांगलीहून आलेली सुनंदा नावाची इंजिनीअर होती.

"काका, आतलं गणित एकदा दाखवा ना. मला शिकायचंय."

"तुज कशाला ते? उत्तर येतंय की. मी आहें तंवर काळजी नको."

ती हिरमुसली. पुन्हा तिने विचारलं नाही.

एकदा एका गिऱ्हाइकाने मलाच मागितलं. कुलूप हल्ली कुणीही फोडतं, म्हणून सूत्रंच द्यायची नाहीत असं ठरवून व्यासराजरावांनी स्वतःच ते काढलं आणि प्रत्येक सूत्राच्या जागी नुसता आकडा ठेवला. हा पोकळ तक्ता वेगळ्या नावाने साठवायचा होता. घाईत त्यांनी तो माझ्याच नावाने साठवला आणि मला बंद केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या चाकाची जाडी लिहिली. वेळ बदलली नाही. पुन्हा लिहिली, तरी तीच. त्यांनी चौकटीत सूत्र शोधलं, तर तिथे नुसता आकडा होता.

"आठवेल तेवढं सांगा काका, मी लिहून घेते," सुनंदा म्हणाली.

"थोडं थोडं करून झालेलं ते. मज काहीच आठवेना गे."

आठवेल तसं मांडून पाहिलं, तर चाकं तडकली. शेवटी मान खाली घालून ते पलीकडच्या कारखान्यात गेले आणि स्वतःच्याच सूत्राची नक्कल मागू लागले.

"ते कधीच पुसून टाकलं, सर," तिथला माणूस म्हणाला. "आमच्या भट्टीला ते लागूच पडलं नाही."

नारायणस्वामींनी भट्टी बंद केली. सुनंदा दुसरीकडे लागली. व्यासराजराव घरी बसले.

मित्रांनो, आपली विद्या चोरापासून जरूर जपा, पण विश्वासाच्या एका माणसाला तरी ती शिकवून ठेवा. मला आता याचा काही उपयोग नाही.

व्यासराजराव अजून रोज संध्याकाळी मला उघडतात. त्यांच्या पत्नी भवानीबाई आतून हाक मारतात, "अहो, पुरे की आता. सांबार निवालं."

"थांब गे, आणखी एकदा बघतों."

ते जाडी बदलतात आणि वाट बघतात. मी तीच वेळ दाखवतो. माझ्याकडे दुसरी नाही.