अकराव्या प्रश्नाचं उत्तर

मी एक फॉर्म बोलतोय. मेंदूविकाराच्या ओपीडीत, डॉक्टरांना भेटण्याआधी, पेन आणि पुठ्ठ्यासकट पेशंटच्या हातात कोंबतात ना, तो. दोन पानं, वीस प्रश्न. गेल्या चार आठवड्यांत तुम्हाला कसं वाटलं, हे मी विचारतो. तपासणीत जे दिसत नाही ते पेशंटकडूनच कळावं, म्हणून माझा जन्म. निदान छापताना तरी तसं ठरलं होतं.

मला भरलं एका शाळेतल्या बाईंनी. त्यांना फिट्स यायच्या. गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या. शेजारी नवरा बसला होता.

"किती वेळ लावतेस? सगळीकडे 'नाही'वर खूण कर. आता बरी आहेस ना?"

माणूस वाईट नव्हता. बिचारा खरंच खूश होता. तो पाणी आणायला उठला, तेव्हा बाईंनी अकराव्या प्रश्नावर पेन टेकवलं. बोलताना शब्द आठवायला त्रास होतो का? 'नेहमी.' शेजारी समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'गोळी वाढवल्यापासून वर्गात मुलांची नावं आठवत नाहीत. फळ्यासमोर नुसती उभी राहते. घरी सांगितलेलं नाही.'

मला वाटलं, सार्थक झालं.

काउंटरवरच्या क्लार्कनं एकही रकाना रिकामा नाही एवढं पाहिलं, बेरीज करून आकडा कॉम्प्युटरमध्ये टाकला आणि मला फाइलला टाचलं. डॉक्टरांनी फाइल उघडली आणि मला उलटून खालचा रिपोर्ट वाचला.

"फिट आली?"

"सहा महिन्यांत एकही नाही," नवरा म्हणाला.

"उत्तम. गोळ्या आहेत तशाच चालू ठेवा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. त्यांना वाटलं, यांनी वाचलंय, आणि त्यात विशेष काही नाही. त्या उठल्या. मी जागच्या जागी चडफडत राहिलो. मला प्रश्न विचारता येतात, हाक मारता येत नाही.

त्या महिन्यात ओपीडीचं कौतुक झालं. शंभर टक्के फॉर्म भरून घेतले म्हणून. वाचले किती, ते कोणी विचारलं नाही.

तीन महिन्यांनी बाई नवऱ्याबरोबर पुन्हा आल्या. नव्या फॉर्मवर त्यांनी मिनिटभरात वीसच्या वीस खुणा 'कधीच नाही'वर केल्या. फाइल लावताना सिस्टरना ते खटकलं. त्यांनी आम्हा दोन्ही फॉर्मना शेजारी शेजारी धरलं, उभ्या उभ्या समास वाचला आणि तडक आत जाऊन मला डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवलं.

डॉक्टरांनी मला दोनदा वाचलं. "अहो, हे गोळीमुळे होऊ शकतं. ती बदलता येते. बोलला का नाहीत?"

"बोलले होते," बाई म्हणाल्या. "यावरच लिहून."

नवऱ्यानं वाकून समासातलं वाचलं. "म्हणून शाळा सोडलीस? मला तर म्हणालीस, कंटाळा आला."

बाईंनी 'घरी सांगितलेलं नाही' या ओळीवर बोट ठेवलं.

गोळी हळूहळू बदलली. पुढच्या खेपेला अकराव्या प्रश्नावर 'क्वचित' अशी खूण होती. पण तोवर शाळेनं दुसऱ्या बाई नेमल्या होत्या.

मी अजून त्याच फाइलीत आहे. बाहेर रोज माझी भावंडं वाटली जातात, भरली जातात, टाचली जातात. माझं एवढंच मागणं आहे. माणूस समोर बसलेला असतानाच आम्हाला वाचा. तेवढी दोन मिनिटं नसतील, तर विचारूच नका. न विचारलेलं माणूस कधीतरी आपणहून सांगतो. विचारून न ऐकलेलं पुन्हा सांगत नाही.